भूकंपाची आरास

मोटर सुरू झाली की आधी माझे दात वाजायचे. मग पाठीखालच्या फळ्या, मग डोक्यावरचा पत्रा, मग वरून डाळीचा भुसा पडायला लागायचा आणि मी डोळे मिटून पडलेली असायचे, मेलेली म्हणून, आणि छातीवर माझी पोरगी. नऊ महिन्यांची.

हे जळगावातलं, आमच्या गल्लीतल्या गणपतीचं. लातूरकडं भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी बऱ्याच मंडळांनी भूकंपाचीच आरास केली होती. कुठं थर्माकोलची पडकी घरं, कुठं कापडाच्या बाहुल्या झोपवलेल्या. आमच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे नानाच म्हणायचे, ते म्हणाले बाहुल्या तर पोरं घरीबी खेळतात, आपल्याकडं माणूस आत आला की त्याच्या पायाखालची जमीन हलली पाहिजे.

आणि ती हलवली पोरीच्या पप्पांनी. ते डाळ मिलमध्ये फिटर. मिलमध्ये डाळ चाळायची एक जुनी चाळणी पडून होती, दोन पलंग जोडले तर होईल एवढी मोठी, तिची मोटर आणि तिच्या स्प्रिंगा मालकांना विचारून आणल्या. चाकाला एका बाजूनंच लोखंडाचं वजन बांधलं, म्हणजे चाक सरळ फिरत नाही, धडधडतं, आणि वरच्या फळ्या सगळ्या नाचतात. केळीच्या वखारीतून बांबूचे तट्टे आणले, त्याची खोली केली, आतून काळं कापड. पंधरा-पंधरा माणसं आत घ्यायची, दार लावायचं, दिवा घालवायचा, मोटर सोडायची. एक भिंत होती प्लायवूडची, दगडमातीसारखी रंगवलेली, ती दोरीनं अशी सोडायचे की लोकांच्या अंगावर येता येता हातभरावर थांबायची. बाया किंचाळायच्या. बाहेर आले की हसायचे आणि परत रांगेत उभे राहायचे.

पप्पा पंधरा दिवस त्याच्यातच होते, जेवायलाबी घरी यायचे नाहीत, मी डबा घेऊन जायचे. मला खरं सांगायचं तर चांगलं वाटायचं. लोक त्यांना विचारत होते, भाऊ, हे कसं केलं, ते कसं केलं. घरी त्यांना कोणी काही विचारत नाही.

गणपती बसायच्या आधी एकदा चालवून पाहिलं तेव्हा एक म्हातारे बाबा आत होते, लातूरकडचेच, बांधकामावर आलेले. ते हललेबी नाहीत आणि ओरडलेबी नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, आमच्याकडं आवाज आधी आला होता, मग हललं. बस, एवढंच. नानांनी त्यांना चहा पाजला आणि टेपवाल्याला सांगितलं, आवाज आधी घे. खडीचा ट्रक रिकामा होतो तो आवाज भरलेला होता कॅसेटमध्ये. दुसऱ्या दिवसापासून आधी आवाज, मग हलणं. नाना म्हणाले, आता बरोबर झालं. ते बाबा परत दिसले नाहीत.

पण नानांचं समाधान होईना. लोक घाबरतात, म्हणे, पण रडत नाहीत. रडायला माय पाहिजे. पडक्या घराखाली मेलेली माय आणि तिच्या छातीवर जितं लेकरू, मग एक जवान येतो, दगड बाजूला करतो आणि लेकराला वर उचलतो. तसं तिकडं घडलं होतं म्हणे, पेपरात आलं होतं. आता गल्लीतली कोण बाई स्वतःचं लेकरू घेऊन ढिगाऱ्याखाली झोपणार? तर पप्पा म्हणाले, आमची झोपेल.

मला ते रात्री जेवताना कळलं. मी धुळ्याकडच्या खेड्यातली, पाचवीपर्यंत शिकलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती. मी काय म्हणणार. मी सासूबाईंच्या तोंडाकडं पाहिलं, वाटलं त्या नाही म्हणतील, पोरगी त्यांचा जीव की प्राण. त्या म्हणाल्या, "देवनं काम शे. नही म्हनू नको."

पहिल्या दिवशी काय झालं, खडीचा आवाज सुरू झाला तशी पोरगी दचकली आणि जी रडायला लागली, फळ्या हलायला लागल्या तर तिचा श्वासच बसेना. आणि कॅसेटमध्ये एक गुरुजी सांगतायत, मायच्या छातीवर लेकरू शांत निजलेलं होतं. लोक हसायला लागले. अंधारातून कोणी तरी म्हणालं, हिला आमच्या मंडळात द्या, आमचा भोंगा बिघडला आहे. अजूनच हसले. मी मेलेली, मला डोळे उघडता येईनात, मी नुसती तिची पाठ दाबून धरली.

नाना पप्पांना म्हणाले, "भाऊ, आपण भूकंप करायला निघालो आणि तमाशा झाला."

पप्पा माझ्याशी काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते.

सकाळी सासूबाईंनी सहाण काढली. आमच्याकडं लेकराला गुटी देतात ती वेढ्यांनी मोजतात. सहाणेवर दुधाचे थेंब टाकायचे आणि हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, जे काय असेल ते एकदा गोल फिरवायचं, तो एक वेढा. जायफळाचा एक वेढा दिला की लेकरू चांगलं झोपतं. सगळ्या बाया देतात. शेतात जायचं असलं, लग्नात जायचं असलं, देतात. खेळाच्या आधी सासूबाईंनी दोन वेढे उगाळले आणि बोटानं चाटवलं, आणि त्या संध्याकाळी पोरगी मोटर चालू असतानाबी झोपली होती. जवान आला, त्यानं तिला उचललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन-तीन बाया खरंच रडत होत्या. मला त्यांचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

तो जवान म्हणजे आमच्या शेजारचे कंडक्टर भाऊ. एसटीत होते, स्वतःचाच खाकी ड्रेस घालून यायचे, फक्त बिल्ला काढून ठेवायचे. मोठा प्रेमाचा माणूस. लेकराला उचललं की तिच्या तळपायाला नख लावायचे हळूच, म्हणजे ती कुरकुरायची, हात हलवायची, आणि लोकांना दिसायचं की जिती आहे. मग खाली वाकून माझ्या कानात म्हणायचे, वहिनी, पुढचा स्टॉप.

चार-पाच खेळ व्हायचे संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी दोन वेढ्यांनी भागेना, मधल्याच खेळात ती जागी झाली, मग तीन केले. मग चार. सासूबाई म्हणायच्या, सवय पडस पोरले, वाढाडनं पडस. दिवसाबी ती जरा सुस्तच राहायला लागली, दूध पिताना झोपायची. मला दिसत होतं. मी सासूबाईंना म्हटलंबी, आत्याबाई, हिचे डोळे असे का दिसतात. त्या म्हणाल्या, जागरण. मग मी गप्प बसले, कारण विसर्जनाला थोडेच दिवस राहिले होते.

आणि मग परीक्षकांचा दिवस आला. शहरातल्या सगळ्या आराशींचं बक्षीस असायचं, ती मोठी माणसं गाडीतून एकेका मंडळात यायची. नाना सकाळपासून पांढरे कपडे घालून. मला म्हणाले, वहिनी, आज जीव गेला तरी हलायचं नाही. साहेब लोक सहाला येणार होते.

मी चार वाजताच मांडवात गेले होते, तोंडाला राख, कपाळावर लाल रंग, केसांत भुसा, हे सगळं लावायला वेळ लागायचा. पोरगी घरी सासूबाईंजवळ. त्यांनी साडेपाचला तिला आणून माझ्याजवळ दिली आणि आरतीचं ताट घ्यायला परत गेल्या. काही बोलल्या नाहीत आणि मीबी विचारलं नाही. पोरगी जागी होती. डोळे उघडे होते. मला वाटलं आज आत्याबाईंचं घाईत जायफळ द्यायचं राहून गेलं.

सहा वाजले, साहेब लोक नाहीत. साडेसहा झाले. नाना येरझाऱ्या घालतायत. पोरगी माझ्या मांडीवर, जरा ऊं ऊं करत होती, आणि नानांनी तिच्याकडं पाहिलं, मग पप्पांकडं पाहिलं, आणि पप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

माझ्याजवळ एक जायफळ होतं. सासूबाईंना माहीत नव्हतं. मधल्या खेळात ती जागी झाली तर असावं म्हणून मी दुकानातून आणलं होतं आणि पदराच्या गाठीला बांधून ठेवायचे. पडद्यामागं सहाण नव्हती. फरशीचा एक तुकडा होता, तो धुतला, त्याच्यावर माझं दूध पिळलं आणि उगाळलं. पाच वेढे असतील. सात असतील. खरं सांगते, मी मोजलेच नाहीत. तिला चाटवलं, तिनं तोंड वाकडं केलं आणि माझं बोट धरून ठेवलं.

साहेब लोक येईपर्यंत अजून बराच वेळ गेला. मग खडीचा आवाज, मग मोटर, भिंत आली आणि थांबली, भुसा पडला, लाल दिवा लागला. गुरुजींचा आवाज सुरू झाला. पोरगी छातीवर. मला रोज तिचा श्वास कळायचा, माझ्या गळ्याला लागायचा गरम. मोटर चालू असताना काही कळत नाही, सगळंच हलतं. पण मोटर थांबली तरी मला गळ्याला काही लागेना.

मी उठले नाही.

हे मी लिहिते आहे कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मला कळलं होतं, आणि मी डोळे मिटून पडून राहिले. साहेब लोक उभे होते, नाना उभे होते, पप्पा स्विचजवळ उभे होते. चहाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. कंडक्टर भाऊंनी दगड बाजूला केले, तिला उचललं. टाळ्या. मी वाट पाहत होते तिच्या कुरकुरण्याची. टाळ्या थांबल्या तरी काही नाही. मग भाऊ खाली वाकले, आणि त्यांचा आवाज अगदी वेगळाच.

"वहिनी, मी दोनदा नख लावलं. पोरगी पाय ओढत नाही."

नाना दात आवळून म्हणाले, दोन मिनिटं, साहेबांना जाऊ द्या. भाऊंनी ऐकलं नाही. तेच पोरीला घेऊन बाहेर पळाले, त्या खाकी कपड्यात, गर्दीतून, आणि लोकांना वाटलं हेबी आराशीतलंच आहे. लोकांनी वाट करून दिली आणि टाळ्या वाजवल्या. मी मागून धावले तर माझ्यासाठीबी वाजवल्या.

रिक्षातून दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर माझ्याकडंच धावल्या, माझ्या कपाळावर रक्त म्हणून. बाई, तुम्ही आधी झोपा, कुठं लागलं. मी म्हणते मला काही नाही, हा रंग आहे, ही पोरगी बघा. त्यांना कळेचना. पोरगी एवढी स्वच्छ, काजळ लावलेली, नवा फ्रॉक, झोपलेली. शेवटी भाऊ ओरडले तेव्हा त्यांनी तिला हातात घेतलं. श्वास होता. बारीक, थांबून थांबून, पण होता. नाकातून नळी घातली, सुई लावायला शीर सापडेना, डोक्यावरचे केस काढून तिथं लावली.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. सासूबाई आणि पप्पा तोपर्यंत आले होते. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं हिला? सासूबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, मी दिलं, जायफळ. पाच वेढे.

"वेढे म्हणजे? चमचे? ग्रॅम?"

सासूबाईंनी हवेत बोट फिरवून दाखवलं. डॉक्टर त्यांच्या बोटाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, ते जायफळ घेऊन या, किती झिजलं ते मला पाहू द्या. पप्पा सायकलवर गेले आणि सहाण आणि जायफळ दोन्ही घेऊन आले, एवढी जड सहाण कॅरियरला बांधून. डॉक्टरांनी जायफळ हातात घेतलं, एका बाजूनं चपटं झालेलं. बरेच दिवसांचं दिसतंय, म्हणाले. पण आज पाचच? पाचानं एवढं व्हायला नको. अजून काही दिलं का? कोणी काही दिलं का? अफू, झोपेची गोळी? खरं सांगा, मला त्याप्रमाणं बघावं लागेल.

आणि माझं माझ्या पदराच्या गाठीत.

पप्पा माझ्या शेजारी उभे. सासूबाई समोर. मला वाटलं मी बोलले तर आज घरात घेणार नाहीत, धुळ्याच्या गाडीत बसवून देतील आणि पोरगी इथंच राहील. आणि नाही बोलले तर. तिच्या डोक्यावर ती सुई होती, एवढ्याशा डोक्यावर, चिकटपट्टी लावलेली, आणि एका बाजूचे केस काढलेले.

मी गाठ सोडायला लागले तर ती सुटेना, घामानं घट्ट बसलेली. दातानं सोडली. टेबलावर ठेवलं. म्हटलं, मीबी दिलं. साडेसहाला. मोजले नाहीत.

डॉक्टरांनी दोन्ही जायफळं शेजारी ठेवली, सिस्टरला काही तरी इंग्रजीत सांगितलं, त्या पळत गेल्या. पप्पांचा हात वर आला होता, मी डोळे मिटले, मला सवय होती डोळे मिटायची. तर सासूबाईंचा आवाज आला.

"तिले काय समजस? मीच सांगेल व्हतं तिले."

खोटं. त्यांना माझ्या जायफळाचं माहीतच नव्हतं. पण पप्पांचा हात खाली गेला, आईवर ते हात उचलत नाहीत. मी त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांनी तोंड फिरवलं. पुढं दोन दिवस आम्ही दोघी त्या खाटेच्या दोन बाजूंना बसून होतो आणि त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या एका बाजूनं तिचा पाय धरून बसायच्या, मी दुसऱ्या बाजूनं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे उघडले. रडली नाही. वरच्या ट्यूबलाइटकडं पाहत राहिली, किती तरी वेळ. मग आवाज आला, घसा बसल्यासारखा. सासूबाई तिथंच जमिनीवर बसल्या. डॉक्टर म्हणाले, वाचली. मग म्हणाले, आता लक्ष ठेवा, उभी कधी राहते, चालते कधी, बोलते कधी, ते पाहा. श्वास कमी पडला असेल तर ते पुढं कळतं, आज सांगता येत नाही.

आमच्या मंडळाला दुसरं बक्षीस मिळालं. नाना पेढे घेऊन घरी आले. सासूबाईंनी ते दारातच गायीला दिले.

पोरगी रांगायची ती रांगायची थांबली, परत दोन महिन्यांनी रांगली. वर्षाची झाली, उभी राहीना. दीड वर्षाची झाली, चालेना. सासूबाई म्हणायच्या, आमच्या घरात सगळी उशिराच चालतात. कोणी मला सांगत नाही की हे त्याच्यामुळं, आणि कोणी सांगत नाही की त्याच्यामुळं नाही.

पुढच्या वर्षी नानांनी पूर करायचा ठरवला. पाण्याची मोटर, टाक्या, छपरावर बसलेली बाई आणि तिच्या हातात लेकरू. आमच्याकडं ते आले नाहीत. आमच्या समोरच्या घरातली बाई घेतली, माझ्याहूनबी लहान, पोरगा सात महिन्यांचा. पहिल्या दिवशी मला मांडवातून त्याचं रडणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी कान लावून बसले होते. पाणी ऐकू आलं, टाळ्या ऐकू आल्या. रडणं नाही.

सकाळी मी पोरीला कडेवर घेतलं आणि तिच्या घरी गेले. पहिल्यांदाच मी अशी कोणाच्या घरी काही सांगायला गेले होते. ओट्यावर सहाण ओली होती. मी म्हटलं, हे देऊ नको. ती म्हणाली, सगळेच देतात, माझ्या सासूनं दिलं आहे. मी म्हटलं, माझ्या पोरीला काय झालं होतं तुला माहीत आहे ना.

तिनं माझ्या कडेवरच्या पोरीकडं पाहिलं. एकवीस महिन्यांची, पाय लोंबत होते. तिची सासू आतून बाहेर येऊन उंबऱ्यात उभी राहिली, बाजूच्या घरातली एक बाई बादली घेऊन थांबली. ती समोरची बाई खरंच मनापासून विचारत होती, तिला टोमणा मारायचा नव्हता.

"पण आता तर चांगली आहे ना तुमची? काही कमी नाही ना राहिलं तिच्यात?"

तिघी माझ्याकडं पाहत होत्या. मी हो म्हटलं असतं, कमी राहिलं आहे, तर तिनं सहाण उचलून ठेवली असती. आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं असतं की हिची पोरगी अर्धी आहे, आणि ते तिच्या लग्नापर्यंत तिच्या मागं लागलं असतं.

मी म्हटलं, नाही, चांगली आहे. एकदम चांगली आहे.

ती हसली. म्हणाली, मग, बघा, काही होत नाही.

मी घरी आले. त्या पोराला काही झालं नाही, दहा दिवस निघाले, तो चांगला आहे, आता शाळेत जातो. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आठ दिवस रोज संध्याकाळी पाणी सुटायचं, टाळ्या वाजायच्या, आणि मी दार लावून पोरीला घेऊन आत बसायचे.